दिनविशेष : ३० ऑक्टोबर
१९५१ : तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा मुंबईत जन्म. आई बेळगावच्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू, आजी मेनकाबाई शिरोडकर. म्हणजे ताल घरातच. आधी तबला, मग ड्रम, आणि पुढे दोन्ही एकाच मांडणीत! स्टुलावर न बसता जमिनीलगत, गुडघा टेकून ते वाजवतात. हाताशी तबला, डोक्याशी झांजा आणि बाजूला पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. भजनाच्या डबलबारीत पखवाज-चकीवर रात्री जागवणाऱ्या कसाल-कुडाळच्या कानांना ही गंमत वेगळी सांगायला नको.
कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर 'ओरेगॉन' या अमेरिकी चमूत त्यांची जागा गुर्टूंनी घेतली. गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रिकुटातली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली १९८९ ची मैफल ध्वनिमुद्रित आहे. तोंडी बोल आणि ड्रम यांची जुगलबंदी तिथे ऐकावी. स्टुडिओतले काम निराळे, पण तितकेच नेटके. १९८८ च्या 'उस्फ्रेत' या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी आईलाच गायला बसवले. आज एकच ऐकायचे असेल, तर हाच ऐका.