वऱ्हाडातील इंधनकराचे दोन अध्याय

पेट्रोलच्या दराने शंभरी ओलांडली त्या 2021 साली महाराष्ट्रात घरोघर, बाजारात आणि आगगाडीच्या डब्यात एकच विषय बोलला जात होता. दर वाढले म्हणून लोक आधीच चिडले होते. आणि त्या दरात निम्म्याहून अधिक भाग केंद्र व राज्य या दोन सरकारांच्या करांचा आहे हे ध्यानात येताच ती चीड सरकारकडे वळली. हे दुखणे मोटारींच्या युगातील, तेव्हा त्यास इतिहास तो काय असणार, असे पुष्कळांस वाटते. आमचे म्हणणे निराळे आहे. इंधन म्हणजे केवळ खनिज तेल नव्हे. चुलीत जळणारे सरपण हे इंधन. आणि शेतीचे सारे ओझे ओढणाऱ्या बैलाच्या पोटात जाणारे गवत हेही एका अर्थी इंधनच. या दृष्टीने पाहिल्यास यवतमाळ जिल्ह्याच्या, आणि तो जिल्हा ज्यात मोडत होता त्या मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या इतिहासात इंधनकराचे दोन अध्याय सापडतात. पहिला 1930 सालचा; तो लोकांस बऱ्यापैकी ठाऊक आहे. दुसरा 1938 सालचा; तो कायद्याच्या पुस्तकांबाहेर फारसा आलेला नाही. हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवून वाचले असता आजच्या तक्रारीचे मूळ कोठे आहे ते स्पष्ट दिसते. तोच प्रयत्न येथे करीत आहो.

प्रथम मुलूख ध्यानात घेतला पाहिजे. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, 1902 साली कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिले आणि 1903 साली मध्यप्रांतास जोडले गेले. पूर्वी वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा 1905 साली पुसद तालुका मिळून यवतमाळ या नावाने नांदू लागला. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश; खाली काळी कपाशीची जमीन, वर टेकड्यांवर साग, धावडा, तेंदू, मोह यांचे रान. कोलाम, गोंड, आंध, बंजारे आणि कुणबी या सर्वांचा संसार या रानाशी निगडित. सरपणाची मोळी, औताचे लाकूड, घराचे वासे, गुरांची चराई, अडीअडचणीच्या वर्षी मोहाची फुले, हे सर्व रानातून यावयाचे.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेस दोन्ही बाजूंनी ताण बसला. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मागणी आली व पडीक जमीन झपाट्याने लागवडीखाली गेली. दुसरीकडे आगगाडीच्या रुळांखाली घालावयास लाकूड हवे झाले, आणि सरकारची दृष्टी रानाकडे वळली. 1864 साली डीट्रिच ब्रँडिस हे जंगलखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले. 1865 व 1878 साली कायदे झाले. आणि त्याच धोरणाचे नियम वऱ्हाडासही लागू झाले. वऱ्हाडातील सरकारी रानाचे तीन वर्ग पाडण्यात आले: इमारती लाकूड व सरपण यांसाठी एक, गवतासाठी दुसरा, चराईसाठी तिसरा. कागदावर ही वाटणी व्यवस्थित दिसते, आणि रान राखले पाहिजे हा तिच्यामागील विचारही खोटा नव्हता. परंतु तिच्यामुळे एक मोठी गोष्ट बदलली. जे आजवर वहिवाटीने मिळत होते ते आता परवान्याने मिळू लागले. दर जनावरामागे चराईची फी, मोळीस पास, गवतास लिलाव, चुकून हद्द ओलांडल्यास कोंडवाडा, आणि या सर्वांवर नजर ठेवावयास नाकेदार. शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे कलेक्टर नव्हता. तो नाकेदार होता.

या बदलाविरुद्धचे बोलणे 1930 साली प्रथम सुरू झाले असे नाही. 1878 च्या कायद्याच्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने हरकत घेतली होती. जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार कठोर शब्दांत मांडली. इतकेच काय, सरकारनेच विलायतेहून बोलावलेले शेतकीचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होल्कर यांनीही 1893 सालच्या आपल्या अहवालात शेतकऱ्याची बाजू घेतली. सरपण मिळत नाही म्हणून लोक शेण जाळतात, शेण जळते म्हणून जमिनीस खत मिळत नाही, तेव्हा गावाजवळ सरपण आणि वैरण यांसाठी राने राखावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील वर्षी, म्हणजे 1894 साली, हिंदुस्थान सरकारने जंगलाविषयी जो ठराव केला त्यात गावकऱ्यांच्या गरजेपुढे उत्पन्नाचा विचार गौण मानावा, असे तत्त्व मान्यही करण्यात आले. तत्त्व मान्य झाले, पण फी, पास आणि कोंडवाडा कायम राहिले.

या फीचा बोजा खरोखर किती होता? एका बैलामागची रक्कम पाहिली तर ती लहान वाटेल. परंतु कर मोठा की लहान हे केवळ रकमेवरून ठरत नाही. तो कशावर बसतो यावरही ठरते. बैल ही शेतकऱ्याची चैन नव्हे. बैल कमी केला तर नांगर थांबतो. सरपण कमी केले तर चूल थांबते. ज्या वस्तूवाचून चालत नाही तिच्यावरील कर चुकविण्यास कायदेशीर मार्ग उरत नाही. त्यात ही फी रोख द्यावयाची. 1929 च्या अखेरीस जगभर मंदी आली, 1930 साली कापसाचे भाव कोसळले, आणि तीच फी भागविण्यास शेतकऱ्यास पूर्वीपेक्षा अधिक कापूस विकावा लागू लागला. दर न वाढवताही कर वाढतो तो असा.

याच सुमारास दांडीची यात्रा झाली. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून लोकांनी कायदेभंग केला खरा, पण सर्व प्रांतभर चालेल असा तो मार्ग नव्हता. मग वऱ्हाडातील माणसास रोज टोचणारा कायदा कोणता? उत्तर शोधावयास दूर जावे लागले नाही. ते गावाच्या शिवेवरच होते.

10 जुलै 1930 रोजी पुसद येथे माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून जंगलाचा कायदा मोडला. त्यांस अटक झाली व सहा महिन्यांची शिक्षा मिळाली. बापूजी कोण होते हे पाहिले म्हणजे या कृतीचे वजन कळते. 1880 साली वणी येथे जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले, संस्कृताचे व्यासंगी आणि टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. प्रतियोगी सहकारितेचा पक्ष त्यांनी जवळ केला होता. कौन्सिलात जाऊन झगडावे, उगाच कायदा मोडू नये, अशा वळणाचे हे गृहस्थ. अशा कायदेपंडिताने हाती विळा घ्यावा, यावरूनच त्या कायद्याची योग्यता लोकांस कळून चुकली. त्यानंतर 21 जुलै रोजी यवतमाळजवळ लोहारा येथील रानात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह कायदा मोडला आणि नऊ महिन्यांची शिक्षा पत्करली.

पुसदची ठिणगी दूरवर गेली. सातारा जिल्ह्यात बिळाशी, कुलाबा जिल्ह्यात चिरनेर, मध्यप्रांतात शिवनी जिल्ह्यातील तुरिया, अशी नावे त्या वर्षी गाजली. चिरनेरास 25 सप्टेंबरला आणि तुरियास 9 ऑक्टोबरला गोळीबार होऊन माणसे मेली. चिरनेरास जमावाबरोबर सरकारी अंमलदारही मृत्यू पावले. काही ठिकाणी गवतावर न थांबता झाडांवर कुऱ्हाडी चालल्या आणि रानाचे नुकसान झाले, हेही सांगितले पाहिजे. परंतु पुसद येथे जे मागितले गेले ते रान उजाड करण्याची मुभा नव्हती. आमच्या गरजेवर कर बसविताना आम्हांस विचारा, एवढीच ती मागणी होती.

ती मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या गावांस घरच्यापुरते मीठ करण्याची सवलत मिळाली. रानाकाठच्या गावांस तशी सवलत मिळाली नाही. मिठावरील कर 1947 साली उठला. रानावरील हक्काच्या प्रश्नास कायद्याचे उत्तर यावयास 2006 चा वनहक्क कायदा उजाडावा लागला.

येथे पहिला अध्याय संपतो आणि सात वर्षांनी दुसरा सुरू होतो. 1937 च्या निवडणुकांनंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. काल ज्यांनी कायदा मोडला त्यांचाच पक्ष आज कायदा करू लागला. पण तिजोरीत पैसा कोठून आणावा? उत्पन्नाच्या मोठ्या बाबी मध्यवर्ती सरकारकडे. प्रांताकडे शेतसारा, दारू, जंगल, आणि 1935 च्या कायद्याने नवीन मिळालेली एक बाब, म्हणजे मालाच्या विक्रीवरील कर. पैकी दारूबंदी हे तर पक्षाचे वचन. तेव्हा मंत्रिमंडळाने 1938 साली पेट्रोल व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच या दराने कर बसविला. हिंदुस्थानातील हा पहिला विक्रीकर होय. मद्रासचा सर्वसाधारण विक्रीकर त्यानंतर, 1939 साली आला.

मध्यवर्ती सरकारने हरकत घेतली. पेट्रोलवर अबकारी बसविण्याचा अधिकार आमचा, आणि प्रांताचा हा कर म्हणजे दुसऱ्या नावाची अबकारीच, असे त्याचे म्हणणे. गव्हर्नर जनरलांनी प्रश्न फेडरल कोर्टाकडे पाठविला. नुकत्याच स्थापन झालेल्या त्या न्यायालयापुढील हा पहिलाच मामला. सर मॉरिस ग्वायर, सर शहा सुलेमान आणि मुकुंदराव जयकर या तिघांनी 2 डिसेंबर 1938 रोजी प्रांताच्या बाजूने मत दिले: माल तयार होताना बसतो तो कर निराळा, विकताना बसतो तो निराळा, आणि दुसरा प्रांतास बसविता येतो. यात एक योगायोग आहे. याच जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1928 साली रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर सुचविला होता, व 1929 पासून गॅलनमागे दोन आणे त्या कामी वेगळे काढले जाऊ लागले होते. म्हणजे पेट्रोलवर केंद्राचा हात आणि प्रांताचा हात, हे दोन्ही कसे पडले, याचे साक्षीदार एकच मराठी गृहस्थ.

1938 च्या कराविरुद्ध यवतमाळात कोणी विळा उचलल्याचे इतिहासात नाही, आणि ते साहजिकच आहे. एक तर तो कर लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाने बसविला होता. दुसरे, मोटार ही त्या काळी थोड्या सधनांची वस्तू. कापूस बैलगाडीतून बाजारास जाई आणि शेत बैलाने नांगरले जाई. चैनीवरील कर म्हणून तो न्याय्यच वाटला असणार.

आमच्या मते आजच्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. कायद्याचे स्वरूप तेच राहिले, पण वस्तूचे स्थान पालटले. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, कापूस टेम्पोने जिनिंगला जातो, मजूर मोटरसायकलने शेतावर जातो. डिझेल आजचा बैल आहे. 1938 साली चैनीवर बसलेला कर एकही मूलभूत तत्त्व न बदलता 1930 च्या चराईच्या फीच्या जागी येऊन उभा राहिला आहे.

आता आकडे पाहू. 1 जुलै 2017 पासून देशभर वस्तू व सेवा कर आला, पण पेट्रोल व डिझेल त्यातून बाहेर ठेवण्यात आले. केंद्राची अबकारी व राज्याचा मूल्यवर्धित कर हे 1938 चे द्वैत चालूच राहिले. 2020 च्या प्रारंभी कच्चे तेल जगभर स्वस्त झाले, तेव्हा केंद्राने अबकारी वाढविली. लिटरमागे पेट्रोलवर 19.98 रुपये होते ते मे महिन्यात 32.98 झाले; डिझेलवर 15.83 होते ते 31.83. पुढे नोव्हेंबर 2021 व मे 2022 मधील कपातींनी हे आकडे 19.90 व 15.80 वर उतरले; जुलै 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही पेट्रोलवर पाच व डिझेलवर तीन रुपये कमी केले. याहून बोधप्रद गोष्ट दुसरी आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये पेट्रोलवरील 32.90 रुपयांपैकी मूळ अबकारी अवघी 1.40 रुपये होती. बाकी सारे उपकर आणि अधिभार. राज्यांशी वाटून घ्यावयाचे ते केवळ मूळ अबकारीतून. मग राज्याने आपला खड्डा आपल्या कराने भरावा, आणि दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, हे ओघानेच आले.

सरकारची बाजू नाही असे नव्हे. रस्ते, शाळा, दवाखाने कराशिवाय होत नाहीत, आणि परदेशातून विकत आणावे लागणारे तेल जपून वापरावे हेही खरे. रान राखण्याचा हेतूही असाच खरा होता. परंतु चांगला हेतू हिशेबाची जागा घेऊ शकत नाही. चराईच्या पासाला आपण किती पैसे मोजले हे 1930 सालच्या पुसदच्या शेतकऱ्यास ठाऊक होते. पंपावर डिझेल भरणाऱ्या त्याच्या नातवास लिटरमागे केंद्राचे किती, राज्याचे किती आणि त्यातून रस्त्यास किती, हे पावतीवरून कळत नाही.

म्हणून आम्हांस वाटते की दर कमी करा या मागणीच्या जोडीला, किंबहुना तिच्याही आधी, दोन मागण्या लोकांनी धरून बसावे. प्रत्येक पावतीवर दोन्ही सरकारांचा कर निरनिराळा छापावा. आणि रस्त्याच्या नावाने गोळा झालेला पैसा जिल्ह्यात किती आला याचा तपशील दर वर्षी प्रसिद्ध व्हावा. बापूजींच्या काळी असा हिशेब विचारावयास रानात जावे लागले. आज प्रतिनिधी आहेत, विधानसभेचे आणि लोकसभेचेही. त्यांस हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.