फाळके, लोणावळा आणि विलायतेहून आलेली पेटी

१ फेब्रुवारी १९१२. मुंबईहून विलायतेस निघालेल्या बोटीत बेचाळिशीला टेकलेले एक गृहस्थ बसले होते. डोळ्यांच्या दुखण्यातून ते नुकतेच उठले होते. छापखान्याचा चालता धंदा हातचा सुटला होता आणि घरी पत्नी व मुले होती. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजारांचे कर्ज उभे केले होते. आज परदेशी निघताना लोक कॅमेऱ्याचा विमा उतरवतात. धुंडिराज गोविंद फाळके यांनी, जो कॅमेरा अजून डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्याच्यासाठी, आपल्या आयुष्याचा विमा गहाण टाकला.

हा थ्रेड त्या प्रवासाविषयी आहे. त्याची सुरुवात मात्र मुंबईत नव्हे, मावळात होते.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लोणावळ्याच्या अलीकडचे स्टेशन म्हणजे मळवली. कार्ले-भाजे लेण्यांसाठी आपण येथेच उतरतो. राजा रविवर्म्यांचा चित्रांचा छापखाना मुंबईतून १८९९ साली येथे आला. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती ज्या दगडांवरून छापल्या जात, ते दगड बव्हेरियातील खाणींचे. एका रंगाला एक दगड, म्हणजे एका चित्रासाठी अनेक. हे सारे ओझे समुद्र ओलांडून मुंबईस आणि पुढे रेल्वेने बोरघाट चढून मावळात येई. विलायती यंत्रसामग्री सुखरूप कशी आणावी, याची शाळा या डोंगरात फाळक्यांच्या आधीच भरली होती.

पुराणवस्तू संशोधन खात्यातील छायाचित्रकार व आरेखकाची नोकरी सोडून फाळके १९०६च्या सुमारास लोणावळ्यास आले. ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ तेथेच सुरू झाले. मुख्य काम रविवर्मा प्रेसचे : चित्राचे छायाचित्र घेऊन त्याची प्रतिमा दगडावर उतरवण्याजोगी करून देणे. पुढे हाफटोन ठसे आणि तिरंगी छपाईही आली. हाफटोनसाठी कॅमेऱ्यात जी जाळी बसवीत, ती म्हणजे अतिसूक्ष्म रेघा कोरलेल्या दोन काचा, एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवलेल्या. एक तडा गेला की सगळी जाळी वाया, आणि नवी परदेशातूनच मागवायची. शिवाय लोणावळ्याचा पाऊस! भिंगावर बुरशी, लाकडाला फुगवटा, भात्याच्या चामड्याला वास. कॅमेरा जपणे म्हणजे त्याला चोरापासून राखणे एवढेच नव्हे, हे चार महिने धुक्यात राहणाऱ्या कारागिराला वेगळे शिकवावे लागत नाही.

काम वाढले आणि छापखाना दादरला गेला. नवे भागीदार आले, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नवे नाव मिळाले. १९०९ साली फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. यंत्रे आली, धंदा भरभराटीस चढला, आणि मग भागीदारांशी पटेना. एक पैही न घेता फाळके बाहेर पडले. समुद्रातून निभावून आणलेली सामग्री व्यवहारात गेली.

१९११च्या एप्रिलमध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न वेगळा आहे : कॅमेऱ्यासाठी स्वतः जाण्याची गरज होती काय?

कारण नमुना समोर होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९७च्या सुमारास विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला, किंमत एकवीस गिनी. ते मुंबईतच राहिले, कॅमेरा त्यांच्याकडे आला. त्यांना कुस्ती वा मिरवणूक टिपायची होती, फाळक्यांना कथापट उभा करायचा होता. त्यासाठी भोके पाडण्याचे, धुण्याचे आणि प्रती काढण्याचे यंत्र हवे, शिवाय ते चालते कसे हेही कळायला हवे. ते ज्ञान टपालाने येत नाही.

लंडनमध्ये पिकॅडिलीजवळ त्यांना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली. ओळखपाळख काही नसताना ते सरळ संपादकांच्या कचेरीत शिरले. संपादकांनी प्रथम या उद्योगातील अपयशाची भीती घातली, मग माणूस हटत नाही असे पाहून वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. तेथे फाळक्यांनी चित्रीकरण प्रत्यक्ष पाहिले. संपादकांच्याच सल्ल्याने विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांस घेतला. तेव्हाच्या पंधरा रुपये पौंड या भावाने साडेसातशे रुपये झाले. कोडॅकची कच्ची फिल्म आणि भोके पाडण्याचे यंत्र यांचीही मागणी नोंदवली. लंडनमधला मुक्काम अवघ्या दोन आठवड्यांचा.

१ एप्रिल १९१२ रोजी ते परतले. सामान मागाहून, मे महिन्यात आले. मधल्या काळात कर्ज मुंबईत होते आणि ते ज्याच्यासाठी काढले ती सामग्री वाटेवर होती. पेट्या आल्यावर फाळक्यांनी सोबतचा आराखडा समोर ठेवून चार दिवसांत यंत्रे जोडली. त्या चार दिवसांमागे लोणावळ्याचा कॅमेरा, जर्मनीतील यंत्रे आणि वॉल्टनमधील निरीक्षण होते. यंत्र सुट्या भागांत येणे घातक नसते. ते जोडू शकणारा माणूस बंदरावर नसणे घातक असते.

उष्ण देशांकडे जाणाऱ्या छायासाहित्याची ब्रिटिश कारखानदार त्या काळी वेगळी काळजी घेत. दमट उष्म्यात सरस सुटतो, म्हणून सागवानी सांगाड्याला पितळी पट्ट्या ठोकीत; फिल्म झाळलेल्या पत्र्याच्या डब्यांत बंद करीत. ती फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. फाळक्यांना मिळालेल्या कच्च्या फिल्मला तर भोकेही नव्हती; ती घरी, अंधारात पाडायची होती.

ते काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. फुटाला सोळा चौकटी आणि चौकटीला एका कडेने चार भोके, म्हणजे एका प्रतीच्या एकाच कडेला २,३६,८०० भोके. मूळ निगेटिव्ह निराळीच. भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिताना हा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि तो मांडायला हवा.

पैसा पुन्हा संपला. वाटाण्याच्या रोपाचे महिनाभर रोज एकेक चित्र टिपून फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. तो पाहून सावकारांना धीर आला, त्यात सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची भर पडली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१९१४ साली फाळके पुन्हा लंडनला गेले. या खेपेस पेट्यांचा प्रवास उलट दिशेने होता : आत त्यांचे स्वतःचे तीन चित्रपट होते.