थांबलेल्या माणसांची मोजदाद

17 नोव्हेंबर 1962. कोपनहेगनच्या मध्यवस्तीतील स्ट्रॉयेट हा सुमारे 1,100 मीटर लांबीचा रस्ता मोटारींना बंद झाला. व्यापारी धास्तावले: आता गिऱ्हाईक येणार कसे?

मोटारी मोजणे त्या काळी शहरांच्या अंगवळणी पडले होते. पायी चालणारा माणूस नोंदवहीत क्वचितच येई. यान गेल या तरुण वास्तुरचनाकाराने ती नोंद आरंभली. उन्हापावसात, हिवाळ्यातही रस्त्यावर बसून त्यांनी माणसे मोजली. केवळ जाणारी नव्हे, तर बाकावर टेकलेली, गप्पांत रमलेली, दुकानांच्या काचांसमोर रेंगाळलेलीही.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. 1968 ची पाहणी 1986 व 1995 मध्ये पुन्हा झाली. मुख्य रस्त्यावरून चालणाऱ्यांचा ओघ त्या काळात फारसा वाढला नव्हता. शहराच्या मध्यभागी थांबणाऱ्यांची संख्या मात्र तिपटीहून अधिक झाली होती. निव्वळ वर्दळ मोजणाऱ्याला काहीच बदलले नाही, असे वाटले असते.

दरम्यान मोटारमुक्त क्षेत्र सुमारे सहापट झाले. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून महापालिका दर 2 वर्षांनी सायकलींचाही हिशेब प्रसिद्ध करू लागली. त्यात किती सायकली धावल्या एवढेच नसते. सायकलस्वाराला रस्त्यावर सुरक्षित वाटते का, हेही विचारलेले असते.