बंदी म्हणजे वाळीत नव्हे : निलंबित पहिलवान आणि उत्तेजक चाचणीचा इतिहास

(जळोची, ता. बारामती येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर तालमीतली मुलं बसली आहेत, मागच्या रांगेत दोन-तीन वस्ताद मंडळी दिसतात, म्हणून विषय थेट मांडतो. मी तत्त्वज्ञान शिकवत आलो, मला ढाक आणि कलाजंग यातला फरक विचारू नका. (हशा) पण कुस्तीच्या अलीकडच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे, की तो मला कुस्तीपेक्षा नीतिशास्त्राचा जास्त वाटतो. एखाद्या पहिलवानावर चार वर्षांची बंदी आली. तो कुठल्याच अधिकृत स्पर्धेत उतरणार नाही. मग त्याच्या दारात सकाळी सकाळी लघवीचा नमुना मागायला माणूस कशासाठी येतो? जो खेळतच नाही, त्याची चाचणी कशाची?

वरवर पाहिलं तर हा जुलूम वाटतो. म्हणून आधी इतिहास बघू, मग बरोबर-चूक ठरवू.

ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची चाचणी सुरू झाली १९६८ साली. त्या वर्षी मेक्सिकोत पहिला खेळाडू पकडला गेला तो स्वीडनचा लिलियेनवाल, आणि पकडला गेला तो बिअरसाठी. नेमबाजीत हात स्थिर राहावा म्हणून दोन बाटल्या घेतल्या, असं त्याचं म्हणणं. त्याच्यापायी अख्ख्या संघाचं कांस्यपदक गेलं. हसू येतं, पण त्या काळची समजूत यातून कळते. उत्तेजक म्हणजे स्पर्धेच्या दिवशी घेतलेली काहीतरी नशा, त्यामुळे चाचणीही स्पर्धेच्याच दिवशी.

स्टेरॉइडनं ही समजूत मोडली. १९५८ साली सिबा कंपनीनं ‘डायनाबॉल’ नावाची गोळी अमेरिकेत बाजारात आणली. औषधाचं नाव मेथॅन्डिएनोन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. झिग्लर नावाच्या डॉक्टरांनी ती तिथल्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंना दिली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. या गोळीचं वैशिष्ट्य असं, की ती मैदानात उतरताना घ्यायची नसतेच. ती घ्यायची सरावाच्या महिन्यांत. व्यायाम जास्त झेपतो, अंग लवकर भरतं. स्पर्धा जवळ आली की बंद करायची. औषध अंगातून निघून जातं, कमावलेली ताकद मागे उरते. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची चाचणी १९७६ ला, माँट्रियलला सुरू झाली. पण स्पर्धेच्या दिवशी तपासणं म्हणजे चोर गाव सोडून गेल्यावर नाकाबंदी करण्यासारखं होतं.

हे जगाला कळलं १९८८ नंतर. सोलमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलेला कॅनडाचा बेन जॉन्सन पकडला गेला. कॅनडा सरकारनं न्यायाधीश डुबिन यांची चौकशी नेमली आणि औषध सरावाच्या काळात, वर्षानुवर्षं घेतलं जातं, हे तिथे शपथेवर बाहेर आलं. जॉन्सनला दोन वर्षांची बंदी झाली. ती भोगून तो परतला, आणि १९९३ मध्ये पुन्हा पकडला गेला. मग आजन्म बंदी.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. औषधाचा उपयोग सरावात होतो. आणि बंदी म्हणजे स्पर्धा नसलेला, नुसत्या सरावाचा लांबलचक काळ. त्या काळात कुणी तपासणारच नसेल, तर बंदी ही शिक्षा राहत नाही, ती सवलत होते. दोन वर्षं निवांत औषध घ्या, अंग कमवा, शेवटी बंद करा आणि स्वच्छ होऊन या. निलंबित खेळाडूची चाचणी का, याचं मूळ उत्तर हे आहे.

त्यात आणखी एका संशोधनाची भर पडली. २०१३ साली ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर स्नायूंच्या पेशींतली केंद्रकं वाढली. औषध थांबवलं, स्नायू पूर्ववत झाले, पण ती जादा केंद्रकं तीन महिन्यांनीही टिकून होती. त्या उंदरांवर पुन्हा ताण दिला तेव्हा त्यांचे स्नायू इतरांपेक्षा झपाट्यानं वाढले. उंदरावरून माणसाचा निकाल लावू नये. पण शरीराला आठवण असते ही शंका रास्त आहे, एवढं नक्की.

१९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली, तिला ‘वाडा’ म्हणतात. आपला चिरेबंदी वाडा नव्हे. आणि आपल्या देशातली संस्था ‘नाडा’, ती लेंग्याची नव्हे. (हशा) वाडाच्या संहितेत स्पष्ट कलम आहे : बंदीच्या काळातही खेळाडू चाचणीला बांधील राहील. त्या काळात दोषी आढळला तर तो दुसरा गुन्हा धरला जातो आणि त्याची शिक्षा जास्त असते. बंदी मोडून स्पर्धेत उतरला तर मूळ बंदीएवढीच नवी बंदी मागे जोडली जाते. आणि बंदी चालू असताना ‘मी निवृत्त झालो’ असं म्हणून चाचणीतून सुटला, तर परत येताना किमान सहा महिने आधी कळवून चाचणीला हजर राहावं लागतं. निवृत्तीच्या दिवशी बंदीचे सहा महिन्यांहून जास्त दिवस शिल्लक असतील, तर तेवढा काळ.

हे शेवटचं कलम कशासाठी, ते अमेरिकेतल्या मिश्र मार्शल आर्टच्या धंद्यात छान दिसतं. तुमच्यातले अनेकजण मोबाईलवर त्या पिंजऱ्यातल्या लढती बघतात, मला माहीत आहे. तिथे पूर्वी चाचणी करायचे ते राज्यांचे आयोग, आणि त्यांचा अधिकार चालायचा परवान्यावर. २०१४ मध्ये नेवाडात वांडरले सिल्वा हा ब्राझीलचा नामवंत लढवय्या नमुना घ्यायला आलेल्या माणसाला चुकवून निघून गेला. आयोगानं आजन्म बंदी घातली. त्याच्या वकिलांचा मुद्दा असा, की त्या दिवशी त्याच्याकडे परवानाच नव्हता, मग आयोगाचा त्याच्यावर अधिकार कसा? न्यायालयानं आयोगाचा अधिकार मान्य केला, आजन्म बंदी मात्र टिकली नाही. पुढे ती तीन वर्षांवर आली. पण प्रश्न खरा होता. जो यादीत नाही, त्याला तपासायचं कोणत्या नात्यानं?

जुलै २०१५ पासून यूएफसीनं अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे वर्षभराच्या चाचण्या सोपवल्या. पुढच्याच वर्षी ब्रॉक लेस्नर दोषी आढळला आणि त्याला एक वर्षाची बंदी झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो निवृत्त झाला. नियमाप्रमाणे बंदीचं घड्याळ तिथेच थांबलं. जुलै २०१८ मध्ये त्यानं पुन्हा नाव घातलं, तेव्हा ते घड्याळ उरलेल्या सहा महिन्यांसाठी परत चालू झालं. म्हणजे चाचणीला हजर आहेस तेवढेच दिवस शिक्षेत मोजले जाणार. शिक्षा भोगणं आणि नजरेखाली राहणं या दोन गोष्टी इथे एक झाल्या.

आता आपल्या घरात येऊ. नरसिंग यादव. मुंबईत वाढलेला, कांदिवलीच्या साई केंद्रात घडलेला, राज्य पोलिसांत उपअधीक्षक. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. २०११, २०१२ आणि २०१३, अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि त्यावर ७४ किलो गटात भारताला रिओची जागा. सुशीलकुमारनं निवड चाचणीची मागणी केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, ६ जून २०१६ ला ती फेटाळली गेली. १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतून कुस्तीचं दुसरं ऑलिंपिक पदक येणार, अशी आशा लोकांना वाटत होती.

आणि मग २५ जून आणि ५ जुलैचे नमुने. त्यात सापडलं मेथॅन्डिएनोन. तीच १९५८ची गोळी.

आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम मिसळलं, हे नरसिंगचं म्हणणं. त्याच्या खोलीतला सोबतीही त्याच औषधासाठी दोषी आढळला होता. पोलिसांत तक्रार झाली. १ ऑगस्टला नाडाच्या समितीनं घातपाताची बाजू मान्य करून त्याला मोकळं केलं. वाडानं क्रीडा लवादाकडे अपील केलं. लवादासमोर माँट्रियल प्रयोगशाळेच्या प्रमुख आयोट यांचं मत आलं, की नमुन्यातलं प्रमाण पाण्यात भुकटी मिसळल्यासारखं नाही, गोळी पोटात गेल्यासारखं आहे. घातपाताचा ठोस पुरावा नाही असं म्हणून १८ ऑगस्टला, त्याची कुस्ती दुसऱ्या दिवशी असताना, लवादानं चार वर्षांची बंदी घातली.

मी इथे न्यायाधीश व्हायला उभा नाही. तत्त्व काय वापरलं गेलं तेवढं बघा. फौजदारी न्यायात गुन्हा सिद्ध करायचा तो सरकारनं. इथे नियम असा, की तुझ्या अंगात जे सापडेल त्याचा जबाबदार तू. ते कसं आलं हे तू दाखव. हे कठोर आहे. पण याला पर्याय काय? प्रत्येकजण ‘मला कुणीतरी घातलं’ म्हणेल आणि चाचणी निरर्थक होईल. त्याच वेळी, ज्याला खरोखरच कुणी घातलं असेल, त्यानं महिन्याभरात पुरावा कुठून आणायचा? हा पेच सुटलेला नाही. तो सुटला असं मी तुम्हाला सांगणार नाही.

शिक्षेचा काळ बघा. सत्ताविसाव्या वर्षी बंदी, एकतिसाव्या वर्षी सुटका. पहिलवानाच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं. बंदीत संघाबरोबर सराव करता येत नाही. संघटनेच्या सरावात परतायची मुभा मिळते ती शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांपैकी जे कमी असेल त्या काळात. चार वर्षांच्या बंदीत म्हणजे दोन महिने. आणि नोंदणीकृत यादीत नाव असेल, तर रोज कुठल्या एका तासात कुठे सापडशील हे कळवत राहायचं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की तोही गुन्हा. आखाडा बंद, पण वही चालू.

इथे मला आपल्या गावगाड्यातली एक जुनी शिक्षा आठवते : वाळीत टाकणं. वाळीत टाकलेल्या माणसाशी रोटी-पाणी बंद, बोलणं बंद. तो जगला काय, मेला काय, कुणाला देणंघेणं नाही. योगायोग असा, की २०१६ सालीच आपल्या विधिमंडळानं या सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. बंदी ही वाळीतसारखी दिसते, पण तिची जात वेगळी आहे. वाळीत टाकलेल्याकडे कुणी बघत नाही. बंदीतल्या खेळाडूकडे बघणं चालू राहतं. चाचणी त्याला एक गोष्ट सांगत असते : तू अजून खेळाडू आहेस, तू परत येणार आहेस, म्हणून आम्ही तुला तपासतो. जो परत येणारच नाही, त्याला कोण तपासेल?

पण हे म्हणायचं असेल तर दुसरी बाजूही पाळली पाहिजे. बघायचं, आणि सांभाळायचं नाही, ही पाळत झाली. संहितेतच बंदीतल्या खेळाडूला प्रबोधनाच्या आणि पुनर्वसनाच्या कार्यक्रमात भाग घेण्याची मुभा आहे. त्या कलमाचा उपयोग आपण किती करतो? नरसिंग २०२०च्या डिसेंबरमध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकात उतरला, आणि २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. त्याच्यामागे पोलिसातली नोकरी होती. ज्याच्यामागे काहीच नाही, असा आपल्या बारामती-इंदापूरचा एखादा विशीतला पोरगा सापडला तर? त्याच्या बापानं उसाच्या बिलातून खुराक पुरवलेला असतो. त्याला आपण बंदी देतो की वाळीत टाकतो?

माझं उत्तर सांगतो आणि थांबतो. निलंबित पहिलवानाची चाचणी न्याय्य आहे, कारण तिच्यावाचून बंदीला अर्थ नाही आणि स्वच्छ पहिलवानावर अन्याय होतो. पण ती न्याय्य ठरते ती परतीचं दार उघडं असेल तरच.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यांतली दोन.)

प्रश्न : सर, बंदी असलेला पहिलवान जत्रेच्या मैदानात इनामाची कुस्ती करू शकतो का?

संहिता बोलते ती महासंघ आणि त्याच्या संलग्न संस्थांनी मान्यता दिलेल्या किंवा भरवलेल्या स्पर्धांबद्दल, व्यावसायिक लीगबद्दल, सरकारी पैशावरच्या वरच्या दर्जाच्या स्पर्धांबद्दल. जत्रा कमिटीनं हलगी लावून भरवलेलं मैदान त्यात सरळ बसत नाही. पण मैदान भरवण्यात तालुका किंवा जिल्हा संघ असेल तर बसू शकतं, आणि मग चार वर्षांची आठ होतील. म्हणून पाच हजारांच्या इनामासाठी अंदाजानं उतरू नका. आधी लेखी विचारा. कमिटीवाल्यांनाही विनंती आहे. पहिलवान बंदीत आहे हे माहीत असताना गर्दीसाठी त्याचं नाव पत्रिकेवर छापू नका. नुकसान त्याचं होतं.

प्रश्न : एका वस्तादांनी विचारलं, पोरं डब्यातली पावडर आणतात, आम्ही काय ओळखणार?

वस्ताद, तुम्ही डबा ओळखू शकणार नाही, मीही नाही. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं एकच असेल याची खात्री नाही, आणि नियम तर ‘अंगात सापडेल त्याचा जबाबदार तू’ असा आहे. तेव्हा साधी शिस्त ठेवा. काय घेतलं, कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, हे वहीत लिहायचं; पावती जपायची; डबा संपला तरी थोडी पावडर शिल्लक ठेवायची. उद्या प्रकरण आलंच तर पोराच्या हातात दाखवायला काहीतरी राहील. आणि दूध, बदाम, तूप यांवर जेवढं भागतं तेवढं भागवा.