क्षयाच्या पेटीची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या औषध दुकानात क्षयावरच्या रिफॅम्पिसिनची चिठ्ठी पुढे केली, की दुकानदाराला एका वेगळ्या रजिस्टरात नोंद करावी लागते. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, गोळ्या किती दिल्या, हे सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’चा हा नियम लागू आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर अशी नजर ठेवायची वेळ का आली, हे समजायला मुंबईत धारावीला जावं लागतं.

१९९१ साली डॉ. मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयाच्या रुग्णाला काय लिहून द्याल, असं त्यांनी खाजगी डॉक्टरांना विचारलं होतं. १०० डॉक्टरांनी ८० निरनिराळे उपचार लिहिले.

योग्य उपचार तेव्हा माहीत नव्हता, असं मुळीच नाही. स्ट्रेप्टोमायसिनची काटेकोर चाचणी ब्रिटनमध्ये १९४८ सालीच छापून आली होती. १९५६ मध्ये मद्रासला क्षय-औषधोपचार केंद्र सुरू झालं. घरी राहून गोळ्या घेणारा गरीब रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे तिथे सिद्ध झालं. बरं वाटू लागलं की माणसं गोळ्या सोडतात, हेही तिथे दिसलं. म्हणून समोर बसवून गोळी गिळायला लावण्याची पद्धत पुढे आली. तीच पुढे ‘डॉट्स’ धोरणाचा भाग झाली.

मग ८० उपचार आले कुठून? सगळा दोष अज्ञानावर ढकलणं मला पटत नाही. आपल्याकडे डॉक्टरची ख्याती हातगुणावर ठरते. शेजारच्या दवाखान्यात मिळतं तेच औषध लिहिलं, तर आपलं वेगळेपण काय राहिलं, असं त्याला वाटतं. छापील नियमावली त्याला कारकुनी वाटते. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी, की ज्याचा उपचार फसला तो रुग्ण त्या दवाखान्याची पायरी सहसा पुन्हा चढत नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर घाटी या सरकारी रुग्णालयात दाखल होतो. पहिल्या डॉक्टरला आपली चूक कळण्याची वाटच बंद होते, आणि ‘माझे पेशंट बरे होतात’ हा त्याचा विश्वास प्रामाणिकपणे टिकून राहतो.

क्षयाच्या औषधांची पेटी जन्मली ती या पार्श्वभूमीवर. १९९३ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाची प्रायोगिक सुरुवात झाली. त्यात एका रुग्णाचा पूर्ण कोर्स एकाच पेटीत भरून येऊ लागला. नव्या रुग्णाला लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याला निळी. पेटीवर त्याचं नाव पडलं की त्या गोळ्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. नियमावली वाचायची गरजच उरली नाही. ती पुठ्ठ्यात बांधून हातात आली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत हीच पद्धत पोचली. २००६ पर्यंत कार्यक्रम देशभर पसरला.

खाजगी दवाखाने मात्र बाहेरच राहिले. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. २०१० साली उत्तर छापून आलं: १०६ डॉक्टर, ६३ उपचार, बिनचूक फक्त ६.

तरीही एका मुद्द्यावर या डॉक्टरांच्या बाजूने उभं राहिलंच पाहिजे. पेटीतल्या गोळ्या आठवड्यातून तीनदाच द्यायच्या होत्या. रोज औषध द्यावं, असं अनेक डॉक्टर सांगत होते आणि देतही होते. जागतिक आरोग्य संघटनेचा कलही रोजच्या उपचाराकडे झुकला. अखेर जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला रोजच्या उपचाराकडे वळायला सांगितलं. म्हणजे नियमावलीशी भांडता येतं, तिला बदलताही येतं. पण ते पुरावा मांडून, उघडपणे. बंद खोलीत प्रत्येकाने आपापला नुस्खा चालवणं हा मतभेद नव्हे, आणि त्याची किंमत रुग्णाच्या फुफ्फुसांनी मोजली आहे.

त्या वर्षी लाल-निळ्या पेट्या मागे पडू लागल्या. आता चार औषधं एकाच गोळीत येतात. सुरुवातीचे दोन महिने त्याच गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. किती घ्यायच्या हे वजनावर ठरतं: ३५ ते ४९ किलोच्या प्रौढाला रोज तीन, ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार. औषध लागू पडलं की वजन वाढतं, आणि कधी कधी पुढच्या गटात जातं. तेव्हा गोळी वाढवावी लागते. त्यासाठी डॉक्टरने रुग्णाला दर महिन्याला काट्यावर उभं करायला हवं.