दवाखान्याला शाबासकी कुणी द्यायची?

ल्युपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. मध्ययुगातल्या युरोपात चेहऱ्यावर खोल जखमा करणाऱ्या दुखण्यांना वैद्यांनी हे नाव दिलं, कारण लांडग्यानं लचका तोडावा तसा चेहरा दिसायचा. पुढे शास्त्र बदललं, नाव तेच राहिलं. आज ज्याला ल्युपस म्हणतात तो आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. शरीराची राखण करणारी आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, आणि त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे लग्न, बाळंतपण, संसार यांच्या ऐन वर्षांतल्या. म्हणून या आजाराचा इतिहास आपण बायकांनी वाचावा, असं मला वाटतं.

हा इतिहास तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिएन्नाच्या डॉ. हेब्रा यांनी गालांवर आणि नाकावर उठणाऱ्या लालीला फुलपाखराची उपमा दिली. १८५१ मध्ये पॅरिसच्या डॉ. काझनाव यांनी या लालीवरून आजाराचं नाव ठरवलं. तोपर्यंत हे दुखणं फक्त कातडीचं समजलं जाई. १८७२ मध्ये हेब्रांचे जावई डॉ. कापोशी यांनी दाखवून दिलं, की यात ताप येतो, सांधे धरतात, माणूस दगावतोसुद्धा. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. ऑस्लर यांनी मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस यांच्या तक्रारींशी त्याचा धागा जोडला. बाई तीच, शरीर तेच. पण कातडी एकानं पाहिली, सांधे दुसऱ्यानं, लघवी तिसऱ्यानं. सगळं एकत्र बघायला वैद्यकाला पन्नासएक वर्षं लागली.

औषधांची गोष्टही तशीच. १८९४ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉ. पेन यांनी ल्युपसवर क्विनाइन वापरून पाहिलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं परिचारिकांची शाळा काढली, तेच हे हॉस्पिटल. मलेरियाच्या औषधाचा या आजाराला गुण येतो, हे दुसऱ्या महायुद्धानंतर पक्कं झालं, आणि त्याच घराण्यातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी १९५५ पासून आजवर चालू आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या आजाराची खूण सांगणारी पेशी सापडली. त्याच सुमाराला तिथेच कॉर्टिसोन, म्हणजे आपण ज्याला स्टेरॉइड म्हणतो ते, सांधेदुखीवर वापरात आलं आणि लवकरच ल्युपसलाही मिळालं. तरी १९५५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी हिशेब मांडला, तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात होते.

त्या काळात रुग्णाला काय सांगत, हे फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन लेखिकेच्या आयुष्यावरून कळतं. ती पंधरा वर्षांची असताना, १९४१ मध्ये, तिचे वडील ल्युपसनं गेले. पंचविशीत तीही आजारी पडली. डॉक्टरांनी निदान आईला सांगितलं. आईनं मुलीला सांगितलं, संधिवात आहे. खरं नाव तिला १९५२ मध्ये कळलं, तेही एका मैत्रिणीच्या तोंडून. पुढची बारा वर्षं तिनं आईच्या शेतावर मोर पाळत, जमेल तितकं लिहीत काढली आणि १९६४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. आईचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडेही पुष्कळ घरांत अजून हेच चालतं. पण शरीर जिचं, तिलाच त्याची खबर नाही, याला काळजी घेणं म्हणायचं का?

हे बदललं ते एकाच रुग्णाला वर्षानुवर्षं पाहत राहणाऱ्या डॉक्टरांमुळे. बोस्टनमध्ये डॉ. मॅरियन रोप्स या बाईंनी ल्युपसच्या रुग्णांचा अनेक दशकं पाठपुरावा केला आणि तो सगळा अनुभव १९७६ मध्ये पुस्तकात मांडला. टोरांटोत डॉ. मरे उरोविट्झ यांनी १९७० मध्ये खास ल्युपसची ओपीडी सुरू केली. दर खेपेला तेच प्रश्न, त्याच तपासण्या, सगळं टिपून ठेवायचं. त्यातून १९७६ मध्ये एक गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीच्या वर्षांत रुग्ण आजाराच्या जोरानं किंवा जंतुसंसर्गानं जात होते. पण त्यातून वाचलेल्या काही जणी पुढे, आजार आटोक्यात असतानाही, हृदयविकाराच्या झटक्यानं जात होत्या. एका भेटीत हे कुणालाच दिसलं नसतं.

लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांचं काम तर प्रत्येक बाईनं माहीत करून घ्यावं असं. ल्युपसच्या ओपीडीत येणाऱ्या काही बायकांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडत, काहींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या होत. हे सुटंसुटं नाही, रक्त चिकट करणाऱ्या एकाच दोषाचं काम आहे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलं. उपाय निघाला रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा, कमी मात्रेतल्या अ‍ॅस्पिरिनचा आणि हेपरिनच्या इंजेक्शनांचा. ज्यांना कधीकाळी ‘मूल होऊ देऊ नका’ असं सांगितलं जाई, अशा कितीतरी जणींच्या घरी पाळणे हलले. पाळणा हलला नाही की बोल कुणाला लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. १९८५ मध्ये डॉ. ह्यूज यांचा ल्युपस विभाग सेंट थॉमसला सुरू झाला.

आता मला खरं सांगायचंय ते इंग्लंडमधल्या एका प्रथेबद्दल. तिथे ल्युपस यूके नावाची धर्मादाय संस्था आहे, रुग्णांसाठी आणि रुग्णांच्या सहभागानं चालणारी. माहितीपत्रकं काढणं, फोनवर धीर देणं, संशोधनाला आणि खास परिचारिकांना पैसे देणं ही तिची कामं. याखेरीज ज्या हॉस्पिटलांत ल्युपसच्या रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून सेवा मिळते, त्यांना ती ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ म्हणून मान देते. हा मान इमारतीचा नाही, मशीनचाही नाही. तिथे रुग्णाशी कसं वागतात, याचा आहे.

म्हणजे नेमकं काय? या आजाराची माहिती असलेले डॉक्टर आणि परिचारिका. मध्येच दुखणं उसळलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करता यावा अशी सोय. मूत्रपिंडाचे, कातडीचे, बाळंतपणाचे डॉक्टर एकमेकांशी बोलणारे. गोळीचे फायदे-तोटे रुग्णाला समजेल असे सांगून तिच्या विचारानं ठरवणं. आणि ‘थकवा येतो’ असं ती म्हणाली की त्यावर विश्वास ठेवणं. ल्युपसचा थकवा रिपोर्टात उमटत नाही. बाई दिसायला धडधाकट असते आणि दुपारी भाकरी थापायला बसली की तिचे हात उचलत नाहीत.

माझ्या जाऊबाईंच्या मुलीला, निपाणीच्या घरी, हेच सोसावं लागलं. सांधे दुखायचे म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, केस गळायचे म्हणून कातडीच्या, ताप यायचा म्हणून आणखी कुणाकडे. दोन वर्षांत फाइलींनी बाजारची पिशवी भरली. एका मोठ्या दवाखान्यात तर तिच्या देखत नवऱ्याला सांगितलं, ‘यांच्या मनाचंच आहे, कामात गुंतवा.’ शेवटी एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी ती पिशवी टेबलावर रिकामी केली, सगळे कागद तारखेनं लावले आणि विचारलं, ‘पहिल्यापासून सांग. मी ऐकतेय.’ निदान त्या आठवड्यात झालं.

तिथल्या सिस्टरनं आणखी एक गोष्ट विचारली, ‘तुमच्यात सूर्यास्तानंतर खात नाहीत ना?’ मग डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा सकाळच्या खाण्याशी आणि संध्याकाळच्या लवकर जेवणाशी जुळवून दिल्या. दसलक्षणात उपवास करायचा मनात आला तर आधी विचारायचं, आणि स्टेरॉइडची गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही, हेही नीट समजावलं. मुलगी मला म्हणाली, ‘काकू, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मी नुसता रिपोर्ट नाही.’ २०२० मध्ये कोरोनाच्या गडबडीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानांतून नाहीशी झाली, तेव्हा त्याच सिस्टरनं फोनवर फोन करून तिच्यासाठी दोन पट्ट्या मिळवल्या. असल्या कामाची नोंद कुठल्या फलकावर होते?

आपल्या समाजात औषधदान हे चार दानांतलं एक. त्यासाठी आपण हात आखडत नाही. खाटा देतो, डायलिसिसचं मशीन देतो, आणि देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरतो. ते योग्यच आहे. पण आपल्याकडे वैयावृत्त्य नावाचंही एक तप सांगितलंय. आजारी, थकलेल्या साधूची सेवा ही अंतरंग तपांमध्ये मोजली आहे, उपवासासारख्या बाह्य तपांमध्ये नाही. साधूंसाठी सांगितलेली ती दृष्टी दवाखान्यातल्या खाटेपर्यंत न्यायला काय हरकत आहे? सेवा कशी झाली, हे जिची झाली तिला विचारल्याशिवाय कसं कळणार?

आज जिथे वेळेवर निदान आणि सलग उपचार मिळतात, तिथे दहा वर्षांनंतरही ल्युपसच्या दहांतले नऊच्या आसपास रुग्ण हयात असतात. १९५५ च्या त्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून पाहा. औषधांनी हे केलंच, पण औषध योग्य वेळी योग्य बाईपर्यंत पोचलं ते कुणीतरी तिचं पूर्ण ऐकून घेतलं म्हणून.

१० मे हा जागतिक ल्युपस दिन. आमच्या महिला मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आहे. त्या दिवशी पाहुण्याचं भाषण नको. दीर्घ आजाराशी झुंजणाऱ्या आपल्या गावातल्या बायकांना बोलवायचं आणि विचारायचं, तुमचं ऐकून घेतलं ते कुणी? त्या जी नावं घेतील, डॉक्टर असो, सिस्टर असो, नंबर लावणारा पोरगा असो, त्यांना आपण शाल-श्रीफळ द्यायचं. ते त्या बायकांच्याच हातून.