पट वीसच्या आत, म्हणून शाळा बंद?

"गावात मुलंच नाहीत, तर शाळा कशाला चालवायची? शासनाचा पैसा वायाच जातो ना?"

हा प्रश्न मला कुठल्या मंत्र्याने विचारला नाही. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी आपल्याच एका शिकलेल्या, नोकरीतल्या दादांनी विचारला. १९५६ साली त्याच तारखेला, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. त्या जागेवर हा प्रश्न ऐकला आणि वाटलं, आपण जयंतीला बाबासाहेबांचा फोटो लावतो, पण त्यांचा हिशेब वाचत नाही.

आधी आजची गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्त कार्यालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत ही नावं पुढे आली. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा होत्या १४,७८३, आणि त्यांत शिकणारी मुलं १,८५,४६७. कागदावर याला समायोजन म्हणतात. मुलांच्या दृष्टीने पाहिलं तर गावातली शाळा जाते आणि पुढे रस्ता उरतो.

रस्ता कसला, ते आपल्या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्याला सांगायला नको. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, जिवती इथले टोले आणि गुडे मुळातच लहान असतात. जंगलातली वस्तीच तशी असते, पट कोणी चोरून नेलेला नाही. पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात वाघाच्या भीतीने मोठी माणसं एकटी शेतावर जात नाहीत. तिथे दुसरीतल्या मुलीने पहाटे बस पकडायला निघायचं? शिक्षण हक्क कायद्यात 'शेजारची शाळा' आहे, आणि आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर आहे, ते याचसाठी.

आता जुना हिशेब. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर होतो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी सांगितलं. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी हाच धागा आकड्यांनी पुढे नेला. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे सरकारी अहवालातूनच त्यांनी दाखवलं. मग दुसरा आकडा काढला. शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतो, आणि दारूवरच्या करातून सरकार दरडोई दोन रुपयांहून जास्त घेतं. जेवढं लोकांकडून असं घेता, तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. (२०२१ मध्ये चंद्रपूरची दारूबंदी उठली तेव्हा बुडालेल्या महसुलाची किती चर्चा झाली, आठवा. शाळांची झाली?)

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मात्र २३ नोव्हेंबर १९४८ चा, संविधान सभेतला. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमात 'शिक्षण' ऐवजी 'प्राथमिक शिक्षण' घाला, अशी दुरुस्ती नझिरुद्दीन अहमद यांनी मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही असं आपण दुसऱ्या कलमात म्हणत असू, तर ते मूल चौदा वर्षांपर्यंत शाळेतच असलं पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. शाळेबाहेरचं मूल कामालाच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामात हे डोळ्यांनी दिसतं.

त्याच दिवशी, प्रत्येक नागरिकाला प्राथमिक शिक्षणाचा हक्क सांगणारे शब्द वगळण्याची मैत्र यांची दुसरी दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली, हेही लपवू नये. कलम मार्गदर्शक तत्त्वांतच राहिलं. दहा वर्षांची मुदत १९६० ला संपली, आणि मूलभूत हक्क मिळायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली. मिळायला इतकी वर्षं लागलेला हक्क आता पट मोजून काढून घेतला जातो आहे.

पैसा नाही, असं म्हणू नका. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचं लोखंड इथूनच जातं. खाणींच्या पैशातून चालणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या प्राधान्याच्या विषयांत शिक्षण लिहिलेलं आहे. फुल्यांचा प्रश्न इथे तसाच्या तसा विचारता येतो.

जगात हे झालेलं आहे. चीनने २००१ पासून खेड्यांतल्या शाळा झपाट्याने एकत्र केल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये गान्सू प्रांतात नऊ आसनांच्या गाडीत साठहून जास्त जण कोंबले होते. तिला अपघात झाला आणि २१ जण मेले, बहुतेक बालवाडीतली मुलं. देशभर संताप उसळला आणि २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने अशा आंधळ्या विलीनीकरणाला लगाम घातला.

"पण एक शिक्षक चार वर्गांना काय शिकवणार?" ही शंका खरी आहे. मी सात मुलांची शाळा पाहिली आहे. गुरुजी अर्धा दिवस माहिती भरत होते आणि मुलं अंगणात बसून होती. पण याचं उत्तर शाळा मोडणं नाही. कोलंबियाने १९७० च्या दशकात 'एस्कुएला नुएवा' पद्धत आणली. मुलांनी आपल्या गतीने पुढे जावं अशा पुस्तिका, मोठ्या मुलांची लहानांना मदत, आणि त्यासाठीच तयार केलेले शिक्षक. १९९८ च्या लॅटिन अमेरिकेतल्या तुलनात्मक पाहणीत, महानगरं सोडली तर खेड्यांतली मुलं शहरांपेक्षा पुढे असलेला तो एकच देश निघाला. आपल्या डी.एड.मध्ये बहुवर्ग अध्यापनाला किती वेळ देतात, ते कुठल्याही गुरुजींना विचारा.

शेवटी त्या दादांचं खरं म्हणणं. जाता जाता ते म्हणाले, "हा आदिवासींचा प्रश्न आहे, आपला नाही." दादा, सावली-सिंदेवाहीच्या गावांत बौद्ध, गोंड, माना, ढिवर यांची पोरं एकाच झेडपीच्या बाकावर बसतात. ज्यांना परवडतं त्यांनी आपली मुलं केव्हाच कॉन्व्हेंटला घातली, त्यात आपलेही आहेत. बाकावर उरलेली मुलं कोणाची आहेत, ते मोजून बघा.

मी मोजणी सुरू केली आहे. पंचायत समितीतून वीसच्या आतल्या शाळांची यादी घ्यायची, त्या शाळेपासून पुढच्या शाळेपर्यंत पायी चालायचं, अंतर आणि नाले लिहायचे, आणि तो कागद शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामसभेपुढे ठेवायचा. धानोरा तालुक्यातल्या पहिल्याच गावात चार किलोमीटर आणि दोन नाले निघाले. दुसऱ्या नाल्यावर पूल नाही.